लाल टोपणाचे उंदीर

मी एक जुनी काचेची पेटी आहे, मित्रांनो. मला घडवले सोनेरी माशांसाठी, पण कॅनडातल्या सॅस्काटून शहरातल्या एका प्रयोगशाळेत आले आणि माझ्या नशिबी पांढरे उंदीर आले. तक्रार नाही. माशांनी मला कधी एवढे विचारात पाडले नव्हते.

संशोधक ओरिसिया माझ्यासमोर तासन्‌तास बसे. तिचा भाऊ तारास दमेकरी होता. ज्या औषधाने त्याला मोकळा श्वास मिळे, त्यानेच त्याला आकडी आली होती, म्हणून ते बंद केले होते. आधी हृदयाची एखादी गोळी दिली तर ही आकडी टळेल का? ओरिसियाला दुसरे काही सुचत नसे.

तिचा सहकारी वेंडेल लाल आणि निळ्या टोपणांच्या सुया भरी. एकीत हृदयाचे औषध, दुसरीत नुसते मिठाचे पाणी; अर्ध्या उंदरांना लाल सुई, अर्ध्यांना निळी. कशात काय, हे तिला ठाऊक नसे. मग सगळ्याच उंदरांना दम्याचे औषध आकडी यावी इतके भरपूर दिले जाई. पाहणी चालू असताना उंदराला हात लावायचा नाही, असा नियम होता. सगळी भिस्त माझ्या काचेवर. मला रोज पुसत आणि मी फुशारून जाई.

निळ्या टोपणाच्या उंदरांना आकडी आली, लाल टोपणाच्या उंदरांना येईचना. वेंडेलने सांगितले, लाल म्हणजेच हृदयाचे औषध.

तिने कळवताच तारासचा फोन आला. "काय गं, सांगू ना डॉक्टरांना, माझं औषध परत सुरू करा म्हणून? जिना चढताना जीव जातो माझा."

"थांब जरा," ती म्हणाली, पण हसत होती.

मग पिंजऱ्यात ठेवायला तिने एक लाल टोपणाचा उंदीर उचलला आणि तिचे हसू मावळले.

"वेंडेल, हा गार पडलाय."

"जिवंत आहे की."

"आहे. पण आकडी गोळीने थांबली की तिने आणलेल्या गारठ्याने?"

"निकाल चांगला आलाय, आता हे कुठून काढलंस?" वेंडेल कुरकुरला, पण दुसऱ्या दिवशी ऊब देणारा दिवा त्यानेच आणला. उबेत ठेवल्यावर लाल उंदरांनाही निळ्यांसारखीच आकडी आली. मला फार वाईट वाटले.

तिने फोन लावला. "तारास, डॉक्टरांना काही सांगू नकोस. त्या गोळीने उंदीर गार पडले, म्हणून आकडी टळली; माणूस काही तसा गार पडत नाही."

"म्हणजे मी औषध घेतलं असतं तर..."

"हो."



"दुसरी गोळी बघ मग," तो म्हणाला. "मी कुठे पळून चाललोय? जिनासुद्धा चढवत नाही मला."

मित्रांनो, आता माझ्यावर ओरखडे पडले आहेत. जुनी म्हणून मला टाकू नका, पुसत राहा. पण माझ्यातून नुसते पाहून थांबू नका. आत जो मुका जीव आहे, त्याला एकदा हात लावून बघा.