ओली चादर

आयुष्यभर बसमध्ये कंडक्टरकी केलेली बाई परदेशात लेकीकडे आली आणि पहिल्याच आठवड्यात तिला तिथल्या शांततेचा वीट आला. रस्त्यात कुणी कुणाला हाक मारायचं नाही. आपण एखाद्याच्या पायावर पाय दिला, तर माफी तोच मागायचा. जिन्यात सगळी दारं बंद. ना भांडण, ना हसणं.

“मेलेत की काय सगळे?” तिनं लेकीला विचारलं.

“आई, इथे कुणी कुणाच्या मध्ये पडत नाही. तूही पडू नकोस.”

त्या दुपारी लेक-जावई कामावर होते. बाईनं न्हाणीघरात चादर खळबळून पिळली आणि ती वाळवायला तळघरात उतरली. इमारतीतल्या सगळ्यांची कपड्यांची मशिनं तिथंच होती. एक तरुण टॉवेलांच्या घड्या घालत होता. कोपऱ्यात वरच्या मजल्यावरची शेजारीण मशिनमधून कपडे काढत होती आणि तिचा नवरा तिच्या कानाशी वाकून हळू आवाजात काहीतरी बोलत होता. बाईला भाषा कळत नव्हती. तिला वाटलं, किती गोडीनं बोलतोय!

मग त्यानं बायकोचे केस मुठीत धरले आणि तिचं तोंड मशिनच्या उघड्या दारावर आपटलं. पुन्हा आपटलं. आवाज मात्र जराही चढला नाही. फरशीवर रक्त सांडलं, त्यात एक दात पडला.

बाईनं तरुणाकडे पाहिलं. त्यानं टॉवेल तिथंच टाकले आणि जिन्याकडे पळ काढला.

“पळपुट्या!” बाई ओरडली. तिच्या गाडीत असं झालं असतं, तर अख्खी बस त्या माणसावर तुटून पडली असती. इथे ती एकटीच होती.

हातातली चादर तिनं मागून त्याच्या गळ्यात टाकली आणि सगळा भार मागे झोकला. तो धडपडला. त्याचं कोपर तिच्या भुवईवर बसलं, डोळ्यात रक्त ओघळलं. दोघंही खाली आदळली. त्यानं टाचेनं तिच्या नडगीवर लाथा हाणल्या. तिनं त्याच्या पाठीत गुडघा रोवला आणि आणखी ओढलं.

“मार ना आता! मार!”

त्याचा चेहरा जांभळा पडला. टाचा फरशीवर घासत राहिल्या, मग त्याही थांबल्या. रक्तानं माखलेली शेजारीण बाईचं मनगट ओढत होती, रडत विनवत होती. शब्द कळले नाहीत तरी अर्थ कळला. पण बाईला सोडवेना.

तेवढ्यात पोलीस आले. त्यांच्यामागे धापा टाकत तो टॉवेलवाला होता. तळघरात फोन लागत नव्हता, म्हणून तो वर धावला होता. पोलिसांनी बाईची एकेक बोट उलगडून चादर सोडवली. नवऱ्यानं घरघरत श्वास घेतला. आणि बेड्या दोघांच्याही हातात पडल्या.

चौकीत लेक दुभाषी म्हणून बसली. रडून तिचे डोळे सुजले होते.

“आई, ते विचारतायत, तो निपचित पडल्यावर तरी का नाही सोडलंस?”

“सोडला असता तर उठला असता.”

“असंच सांगू?”

“मग काय खोटं सांगणार?”

नवरा कोठडीत गेला. बाईला घरी पाठवलं, पण चौकशी संपेपर्यंत शहर सोडायचं नाही, अशी ताकीद दिली.

काही दिवसांनी शेजारीण दारात आली. ओठाला टाके होते, त्यामुळे अडखळत बोलत होती. लेकीनं ऐकून घेतलं.

“काय म्हणाली?”

“आभार म्हणाली. आणि... तिला तुझीही भीती वाटली, म्हणाली. अजून वाटते.”

बाईनं आपल्या हातांकडे पाहिलं. चादरीचे वळ अजून तळव्यावर होते. खरं तर तिलाही त्यांची भीती वाटत होती.

“बसा म्हणावं,” ती म्हणाली. “चहा ठेवते.”

शेजारीण बसली. दाराजवळच्या खुर्चीवर, दार उघडं ठेवून.