वस्तीकडचा भोंगा

"लिंबाजी, आवाज वाढीव! मागं कायबी ऐकू यायना झालंय!"

चंद्रभान गर्दीच्या पार त्या टोकावरून ओरडत होता. पक्षाचा तालुक्याचा कार्यकर्ता तो, कमरेला उपरणे आवळून सकाळपासून देवगाव फाट्यावर नुसता पळत होता. आणि पळायला तरी जागा कुठे होती? चहाच्या हॉटेलाच्या पत्र्यावर माणसे, सोडलेल्या गाड्यांच्या जुवांवर माणसे. सेलूकडून आलेली एस.टी. थांबली आणि ड्रायव्हर-कंडक्टरसकट सगळी गाडी सभेला उतरली. आणीबाणीची दीड-पावणेदोन वर्षे चार माणसे एकत्र बसली तरी इकडे-तिकडे बघून बोलत होती. सत्त्याहत्तरची निवडणूक लागली आणि त्याच माणसांना कंठ फुटला.

लिंबाजी खंदारेने मशीनचे बटण केसभर फिरवले. जास्त फिरवले असते तर भोंग्याने शिट्टी मारली असती. पंधरा वर्षे तो हे काम करत होता. एक मशीन, एक माईक, दोन भोंगे आणि ट्रकची जुनी बॅटरी एवढा त्याचा संसार. लग्न, जत्रा, कीर्तन आणि सगळ्या पक्षांच्या सभा त्याने वाजवल्या होत्या. भाषण मात्र तो कधी ऐकत नसे. त्याचे लक्ष आवाजाकडे. हलवायाला पेढ्याचे काय कौतुक!

पण आज तो ऐकत होता. उमेदवार दिनकरराव एकोणीस महिने तुरुंगात काढून आले होते. सदरा अंगावर लोंबत होता, गालफडे बसली होती, पण आवाज असा की भोंग्याची गरजच नव्हती.

"भ्यायचे दिवस संपले! माणसाला जनावरासारखं ट्रकात घालून नेणारं राज्य आता जाणार! आणि गायरानाचं सांगतो. पडीक जमिनीतले धोंडे ज्यानं काढले, घाम ज्यानं गाळला, त्याच्या नावावर सातबारा झाला पाहिजे. आमचं सरकार येऊ द्या, करून दाखवतो!"

फाटा दणाणून गेला. लिंबाजीने बटणावरचा हात काढला आणि टाळ्या वाजवल्या. मशीनवाल्याने टाळ्या वाजवायच्या नसतात हा त्याचाच नियम होता. गेला उडत नियम! त्याचे डोळे भरून आले होते.

त्याला कारण होते. मागच्या साली एका साहेबाने त्याच्या हातात कागद दिला आणि गावोगाव पुकारायला लावले होते. नसबंदीचे शिबिर आहे, कुणावर जबरदस्ती नाही, औषधपाणी फुकट. लिंबाजीने आपल्या करंजवाडीतही तेच पुकारले. ओढ्यापलीकडच्या त्याच्या वस्तीला वाटले, आपला लिंबा सांगतोय, म्हणजे खरेच असणार. तिसऱ्या दिवशी ट्रक आला. कस्तुराबाईचा पंडित रानातून येत होता. बावीस वर्षांचा पोरगा, लग्नाला सहा महिने झालेले. त्याला धरून नेले आणि दोन दिवसांनी आणून सोडले. कस्तुराबाई लिंबाजीची सख्खी चुलती. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवले होते. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलली नव्हती.

दुपारी चारला करंजवाडीतच सभा होती. चंद्रभानने लिंबाजीला सामानासह पुढच्या जीपने पाठवले. सामान मैदानात उतरवून लिंबाजी आधी धावला तो वस्तीत. ओढा ओलांडेपर्यंत त्याला धाप लागली होती.

कस्तुराबाई दारात ज्वारी पाखडत होती. तिने मान वर केली नाही.

"काकू, गायरान नावावर होनार हाय!"

सूप थांबले. वस्तीतल्या अकरा घरांनी ओढ्यापलीकडचे गायरान वीस वर्षे कसले होते. कस्तुराबाईचे त्यात तीन एकर. दरसाल पेरणीला कोणी ना कोणी येऊन दम देऊन जाई, आणि दरसाल ती पेरी.

"कोन म्हनलं?"

"दिनकरराव. फाट्यावर, हजार मानसांत. म्या माझ्या कानानं ऐकलं."

"मागल्या साली बी तूच सांगितलं व्हतं."

आत पंडित दावे वळत बसला होता. त्याने भावाकडे पाहिले आणि पुन्हा खाली मान घातली.

"तवा कागद वाचला व्हता, काकू. ह्या खेपेला माझी जबान देतो. ह्यो मानूस एकोनीस महिने आत बसलाय, पन वाकला न्हाई. ह्यो खोटं बोलनार न्हाई."

"लय बोलायलास," ती म्हणाली. पण तिच्या तोंडावर काहीतरी हलले. "आमी तिकडं मैदानात येत न्हाई."

"येऊच नका. हितं बसून ऐका. भोंगा इकडं करतो."

"तसा तू करतोसच की," कस्तुराबाई म्हणाली. वर्षभरात पहिल्यांदा ती त्याच्याशी बोलली होती. लिंबाजी ओढा ओलांडून परत आला तो जवळजवळ पळतच.

भोंग्याची गोष्ट खरी होती. लिंबाजीच्या लहानपणी दवंडी चावडीपाशी थांबत असे. वस्तीला बातमी कळायची ती शिळी, कुणाच्या तरी तोंडून. स्वतःचे मशीन झाल्यापासून त्याची एक रीत होती. गाव कोणतेही असो, एक भोंगा मैदानाकडे आणि दुसरा वस्तीकडे. कुणी विचारले तर सांगायचा, वारा तिकडचा आहे. वारा कधी बदलला नाही आणि पुन्हा कुणी विचारलेही नाही.

त्याने मैदानातल्या लिंबाच्या झाडावर चढून दोन्ही भोंगे सुतळीने आवळले आणि माईक टेबलाशी उभा केला. "हॅलो, हॅलो" म्हटले तर पलीकडून वस्तीतल्या पोरांनी ओरडून होकार दिला.

सभा अशी काही रंगली की विचारू नका! हार झाले, घोषणा झाल्या. दिनकररावांनी तुरुंगातली भाकर कशी असते ते सांगितले तेव्हा म्हातारे हसता हसता रडले. ट्रकाचे नाव निघाले तेव्हा ओढ्यापलीकडून टाळ्या ऐकू आल्या. आता गायरानाचे येणार, आता येणार, म्हणून तो टेबलाशेजारी मशीनच्या बटणावर हात ठेवून बसला होता.

तेवढ्यात पुढच्या खुर्चीतून रंगनाथराव उठले. गावातली निम्मी बागायत त्यांची. त्यांनी जागेवरूनच विचारले, "दिनकरराव, सकाळी फाट्यावर गायरानाचं काय बोललाव म्हनं? आमची जनावरं चरायची कुटं?"

मैदानात एकच गलका उठला. दिनकररावांनी पाण्याचा गिलास तोंडाला लावला. पाणी संपले तरी गिलास खाली येईना. चंद्रभान टेबलाशी धावत आला आणि माईकच्या बुडाशी वाकून कुजबुजला, "लिंब्या, वस्तीकडची तार काढ! काढ लवकर!"

लिंबाजीने तार बोटांत धरली.

तार निसटणे ही काही नवलाची गोष्ट नव्हती. सभेत दोनदा तरी निसटते. ओढली असती तर वस्तीला शेवटचे ऐकू आले असते ते ट्रकाबद्दलचे, टाळ्यांचे. काकू उद्याही बोलली असती. लिंबाची जबान खरी राहिली असती. एवढासा झटका, बस!

आणि मागच्या साली त्याने दुसरे काय केले होते? वस्तीला जेवढे ऐकवायला सांगितले तेवढेच ऐकवले होते. राग दिनकररावांचा आला की सकाळी वाजवलेल्या टाळ्यांचा, हे त्याला कळले नाही. त्याने तार तशीच धरून ठेवली. ओढली मात्र नाही.

चंद्रभानला वाटले, काम झाले. त्याने दिनकररावांकडे बघून मान हलवली. दिनकररावांनी गिलास ठेवला.

"रंगनाथराव, फाट्यावर दहा गावची माणसं असतात. तिथं बोलावं लागतं. करंजवाडीचं गायरान करंजवाडीच्या गुरांचं. त्याला कोणी हात लावणार नाही, हा माझा शब्द!"

मैदानाने टाळ्या वाजवल्या. ओढ्यापलीकडे आवाज नव्हता.

दिनकरराव पुन्हा ट्रकाच्या विषयाकडे वळले, पण आता कुणाचे तिकडे लक्ष नव्हते. ओढ्यातून माणसे येत होती. पुढे कस्तुराबाई, पदर खोचलेली. मागे पंडित, त्याच्या मागे वीस-पंचवीस बायका-माणसे. मैदानाच्या कडेला येऊन ती उभी राहिली. चंद्रभानने लिंबाजीकडे असे पाहिले की खाऊ का गिळू.

"सायेब," कस्तुराबाई म्हणाली. पुढचे कुणाला ऐकू गेले नाही.

लिंबाजी उठला. दिनकररावांच्या पुढ्यातला माईक त्याने दांडीतून काढला आणि तार सोडत सोडत कडेपर्यंत नेला. तार तिथवर बरोब्बर पुरली. त्याने माईक चुलतीच्या हातात दिला. रंगनाथराव पुन्हा उभे राहिले.

कस्तुराबाईने माईक सुपासारखा दोन्ही हातांत धरला. "सायेब, सकाळी फाट्यावर एक बोललाव. आता एक बोललाव. आमी दोनी ऐकलं. त्यातलं खरं कोनचं, तेवढं ह्याच्यात सांगा. आमी दुसरं काय मागत न्हाई."

स्वतःचा आवाज झाडावरून आल्यावर ती दचकली. तरी माईक तिने खाली केला नाही.

दिनकरराव काही क्षण फार थकलेले दिसले. मग ते नेहमीसारखे हसले. "आई, निवडून आल्यावर आपण बसून बोलू."

"बसून बोलताना भोंगा नसतोय, सायेब."

मागच्या रांगेतून कुणीतरी खळखळून हसले. दोन एकरवाला मुंजाजी होता तो. मग आणखी कुणी हसले. दिनकररावांनी हात जोडले, चंद्रभानला खूण केली आणि पुढची सभा चारठाण्याला म्हणून ते जीपकडे निघाले.

"आता तुझा मशीनचा शेट नगं," जाता जाता चंद्रभान म्हणाला. "चारठान्याला दुसरा बगतो."

जीप गेली. मैदान हळूहळू रिकामे झाले. लिंबाजीने झाडावर चढून भोंगे सोडले. खाली उतरला तर कस्तुराबाई अजून तिथेच उभी होती.

"काकू, माझी जबान खोटी निघाली," तो म्हणाला. त्याला तिच्याकडे बघवत नव्हते.

"त्याची निघाली."

"म्या तुमाला सांगितलं व्हतं, ह्यो..."

"तार काढ म्हनलेलं आमाला बी ऐकू आलं, लिंबा," कस्तुराबाई म्हणाली. "वस्तीत चिडीचूप होती. कुजबूज बी ऐकू आली. आता तार निघंल म्हनून समदे वाट बगत बसलो."

लिंबाजीने मशीनची तार सोडवायला घेतली.

"मत?" पंडितने विचारले.

"मत ह्यालाच द्यावं लागंल," ती पोराकडे बघत म्हणाली. "ट्रकवाल्यास्नी कसं द्यावं? पर आता आंधळ्यावानी देनार न्हाई. आन निवडून आला की ह्याच्या दारात जाऊन बसायचं, समद्यांनी. लिंबा, तवा भोंगा घिऊन येशील का?"

"येतो की."

पंडितने बॅटरी खांद्यावर घेतली. कस्तुराबाईने वस्तीकडचा भोंगा उचलला, पदराने त्याच्यावरची धूळ पुसली आणि डोक्यावर पालथा घेतला. ऊन उतरले होते. दोघे ओढ्याकडे चालू लागले आणि लिंबाजी तार गुंडाळत गुंडाळत त्यांच्या मागून गेला.