चौतीस गळत्या

गुरुवार म्हणजे वाघोलीच्या त्या कारखान्याची सुट्टी. मशिनं बंद असली आणि पाइपांत कॉम्प्रेसरची हवा भरलेली असली की त्या लाइनीतली गळती ऐकू येते. अर्थात ज्याला कान आहेत त्याला. रंगनाथ फिटरचे कान तीस वर्षं कॉम्प्रेसरच्या धडधडीत काढून कधीच कामातून गेले होते. समोरचं मोठ्यानं बोललेलं कळायचं, बारीक सूंसूं मुळीच नाही. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं, आणि बहिरा फिटर कोण पोसतो? म्हणून ही गोष्ट एकट्या शंभूला ठाऊक होती.

शंभू यवतमाळकडचा, दोन नंबरच्या कॉम्प्रेसरवरचा कंत्राटी ऑपरेटर. नवे इंजिनिअर दिग्विजय साहेब यांनी फर्मान काढलं, "या गुरुवारी सगळे लीकेज बंद झाले पाहिजेत. जमत नसेल तर बाहेरची माणसं आणतो." ते ऐकून रंगनाथचं तोंड उतरलं. शंभू म्हणाला, "मी येतो ना जी. ऐकाचं काम माहं, पाना तुमचा."

सुट्टी मोडून तो आला. पाइपाखाली डोळे मिटून उभा राहायचा आणि बोट दाखवायचा. रंगनाथ शिडीवर चढून त्या जोडाला साबणाचं पाणी लावायचा. फेस फुगला की तेवढ्या भागाची हवा बंद करायची, जोड उघडायचा, जुनी टेप खरवडून नवी गुंडाळायची, पाना मारायचा. संध्याकाळपर्यंत चौतीस गळत्या बुजल्या.

एरवी दोन कॉम्प्रेसर लागायचे, शुक्रवारी सगळा कारखाना एकावरच चालला. साहेब खूश. "काका, सुपर्ब! इतक्या बारीक गळत्या ऐकल्या कुणी?"

शंभू तिथंच दाराशी उभा होता.

"मीच," रंगनाथ म्हणाला. "कानाला सवय झालीय साहेब."

साहेबांनी पाठ थोपटली. शंभू गालात हसला. भाऊचं निभावलं, एवढंच त्या बापड्याच्या मनात आलं.

सोमवारी दोन नंबर कायमचा बंद झाला. मग त्याच्यावरचा माणूस कशाला? कंत्राटदारानं शंभूला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे, आणि हात तरी दुसऱ्यासाठी दाखवलेला.

रंगनाथ दोनदा साहेबांच्या केबिनपर्यंत गेला. गळत्या यानं शोधल्या, याला त्याच कामावर ठेवा, एवढंच सांगायचं होतं. पण मग पुढचा प्रश्न आलाच असता, तुम्ही काय करत होता? दोन्ही वेळा तो परत फिरला. लाज वाटत होती, नाही असं नाही. भीती तिच्यापेक्षा दांडगी निघाली.

संध्याकाळी कारखाना सुटल्यावर गेटपाशी शंभू त्याचीच वाट पाहत होता. रंगनाथशी बोलताना तो नेहमी समोर उभा राहायचा, ओठ दिसतील असं सावकाश बोलायचा. आजही तसंच बोलला.

"रंगनाथभाऊ, साहेबाले एक शबद सांगतला असता, त माही नोकरी राह्यली असती."

शब्द न् शब्द पोचला. रंगनाथनं कानामागं हात धरला.

"काय म्हणालास?"

शंभूला ते खरंच वाटलं. तो आणखी जवळ सरकला आणि तेच वाक्य, न चिडता, पहिल्यापासून पुन्हा म्हणाला.