शिवशंकरच्या गाडीचं रक्त

दुबलगुंडीत त्या सकाळी शिवशंकरच्या गाडीला रक्त आलं. निदान गाव तरी तसंच म्हणत होतं. मी शाळेला निघालो तेव्हा चौकात मोठी गर्दी होती. मध्ये पांढरी गाडी, आणि पुढच्या डाव्या चाकाजवळ फरशीवर लालभडक थारोळं. बायका तोंडाला पदर लावून उभ्या, पोरांचे मोबाईल वर, आणि शिवशंकरचे वडील आप्पाराव बोनेटपुढं हात जोडून उभे.

शिवशंकर गाडी भाड्यानं चालवायचा. मला बघून तो जवळ आला. "सर, बगा की. काल चिटगुप्प्याहून आलो तवा काय नव्हतं. सकाळी बगतो तर ही असं."

मी वाकून बोट लावलं. पातळ, बुळबुळीत. "अरे, हे रक्त न्हाई. इंजिन थंड राहावं म्हणून रेडिएटरमध्ये घालतात ते कूलंट गळायलंय. त्याचा रंगच लाल. रक्त असतं तर एव्हाना गोठून काळं पडलं असतं. गॅरेजला ने, कुठून गळायलंय ते हुडकू दे."

त्यानं ऐकलंही असतं. पण आप्पारावांनी आधीच मडिवाळप्पाला बोलावणं धाडलं होतं.

हा मडिवाळप्पा वर्षभरापूर्वी गावाबाहेरच्या शेडमध्ये येऊन राहिला होता. खांद्यावर घोंगडी, गळ्यात कवड्या, कमरेला भंडाऱ्याची पिशवी. चौकात आल्या आल्या त्यानं बोनेटवर थाप मारली.

"गाडी हाय म्हणून काय झालं? तिला पोट हाय, तिला नाडी हाय. पेट्रोल पिती, धूर सोडती. मंग जीव हाय का न्हाई?"

"हाय!" गर्दी म्हणाली.

"टायरमधी वारा हाय का न्हाई? वारा म्हंजी प्राण!"

मला हसू आलं. एकटा मीच हसलो, म्हणून लोकांनी माझ्याकडं वळून पाहिलं. मडिवाळप्पानं बोनेटला कान लावला. "बोल गं माय. कुणाची नजर लागली? व्हय... व्हय... उंबऱ्यात बसती म्हणायलीय. गाडीचं तोंड जिकडं, तिकडं तिचं दार."

गाडीचं तोंड होतं सरुबाईंच्या दाराकडं.

सरुबाई आमच्या शाळेत दुपारचा स्वयंपाक करायच्या. नवरा नरसिंग जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी संध्या लग्न होऊन कलबुर्गीला. बौद्ध घरची बाई, एकटी राहणारी. अशा बाईवर बोट ठेवायला मडिवाळप्पाला गाडीला विचारायची गरज नव्हती. त्या दारात उभ्या होत्या, हाताला कणीक लागलेली. सगळ्यांच्या माना वळल्या तशा त्या दोन पावलं आत सरकल्या.

"मडिवाळप्पा, जिभेला हाड ठेवा!" मी ओरडलो.

"गुर्जी, तुमी पोरास्नी पाढे शिकवा," तो शांतपणे म्हणाला. "शिवशंकर, पाण्याचं टोपण उघड." आणि मंत्र पुटपुटत त्यानं पिशवीतला भंडारा मुठीमुठीनं रेडिएटरमध्ये ओतला, वर पाणी घातलं. "आता चालू कर. थेंब पडला तर ही घोंगडी जाळतो."

शिवशंकर हुमनाबादपर्यंत जाऊन आला. खाली एक थेंब नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मडिवाळप्पाच्या शेडसमोर ट्रॅक्टर आणि मोटारसायकली रांगेनं उभ्या राहू लागल्या.

"सर, तुमचं खरं असंल," शिवशंकर मला म्हणाला, "पण मंग थांबलं कामून?"

 ते कूलंट आहे हे मी छातीठोक सांगू शकत होतो. ते का थांबलं, हे मला खरंच ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "माहीत न्हाई. पण माहीत न्हाई म्हंजी करणी, असं होत न्हाई." तो मान हलवून निघून गेला. मडिवाळप्पाकडं थेंब थांबलेली गाडी होती, माझ्याकडं नुसतं वाक्य.

पुढच्या सोमवारी शाळेत पोरांनी ताटंच पुढं केली नाहीत. घरून सांगून पाठवलं होतं. मी सरुबाईंच्या हातचा भात सगळ्यांसमोर खाल्ला, रोज खाल्ला. घरोघरी गेलो. महादेवप्पा शाळा समितीचे अध्यक्ष, सज्जन माणूस. ते म्हणाले, "सर, मला काय ही पटत न्हाई. पण लेकरं उपाशी ऱ्हायलीत. काय करू?" त्यांनी दुसरी बाई ठेवली. मी तालुक्याला तक्रार केली. चौकशी करू, असं उत्तर मिळालं.

सरुबाई शाळेची किल्ली द्यायला माझ्याकडं आल्या. "सर, मी त्या गाडीला कधी हातबी लावला न्हाई हो," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्या संध्याकडं कलबुर्गीला गेल्या. दाराला कुलूप लागलं आणि कुलपाला कुणीतरी लिंबू-मिरची बांधली.

मग एका दुपारी आप्पारावांचं तोंड वाकडं झालं, डावा हात लोंबकळला. शिवशंकरनं त्यांना गाडीत घातलं, मी मागं धरून बसलो. गाव सोडून थोडं पुढं गेलो तोच इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला, बोनेटमधून वाफेचा लोट उठला आणि इंजिन बंद पडलं. भर उन्हात आम्ही रस्त्यावर उभे. शिवशंकर येणाऱ्या प्रत्येक गाडीपुढं हात पसरत होता. आप्पाराव काही सांगू बघत होते, शब्द फुटत नव्हता. मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. शेवटी दुधाचा एक टेम्पो थांबला. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, पण यायला उशीर झाला. हात आणि वाचा परत येतील असं सांगता येत नाही.

त्यानंतर शिवशंकर स्वतःच म्हणाला, "सर, चला, हुडकू."

हुमनाबादच्या गॅरेजात आम्ही रेडिएटर उतरवून घेतला. आत पिवळा गाळ खच्चून भरला होता. बारीक नळ्या सगळ्या बुजलेल्या. पाणी फिरणार कुठून आणि इंजिन थंड होणार कसं? गाळ धुऊन काढला, तोंडं बंद केली, रेडिएटर पाण्याच्या टाकीत बुडवला आणि पंक्चर बघतात तशी हवा भरली. खालच्या उजव्या कोपऱ्यातून बुडबुड्यांची सरळ माळ वर आली. सुईच्या टोकाएवढं भोक. तिथून गळायचं आणि खालच्या पट्टीवरून वाहत येऊन डावीकडं टपकायचं. गाळाचा वास घेतला तर घरच्या फोडणीची आठवण आली. भंडारा म्हणजे शेवटी हळदच!

आणि मला उत्तर मिळालं. रविवारी मी चौकात टेबल मांडलं. पत्र्याच्या डब्याला सुईनं भोक पाडलं, लाल कूलंट भरलं. टप, टप, थेंब पडू लागले. मग राजूबाईंकडून, म्हणजे आप्पारावांच्या बायकोकडून, स्वयंपाकघरातली हळद मागून घेतली आणि डब्यात घालून ढवळली. थेंब हळू झाले. थांबले.

"मी कोणता मंत्र म्हणलो?" मी विचारलं. "हळदीचा कण भोकात अडकला, भोक बुजलं. पण जी हळद भोक बुजवती, ती नळ्याबी बुजवती. गाडी त्यानंच तापली, आणि आप्पाराव रस्त्यावर पडून राहिले."

 मडिवाळप्पा आदल्या दिवशीच शेड सोडून गेला होता. राजूबाई डब्याकडं बघत उभ्या होत्या. "मंग सरुबाईचं काय?" त्यांनी विचारलं. लोक पायाखालची फरशी बघू लागले.

मी संध्याकाळी सरुबाईंना फोन लावला. भोक सापडलं, सगळ्या गावाला दाखवलं, परत या, म्हणालो. 

"गाडीचं हुडकलात, बरं झालं सर," त्या म्हणाल्या. "पण ती लोकं गाडी बगून बोलली न्हाईत. मला बगून बोलली. मी येत न्हाई."

मी आग्रह केला नाही. कोणत्या तोंडानं करणार?

वाचकहो, एखादी गोष्ट का घडली हे कळलं नाही, तर माहीत नाही म्हणा. त्यात कमीपणा नाही. शोधा, उघडून बघा, विचारा, वेळ लागू द्या. पण तोवर तिथं कुणा माणसाचं नाव घालू नका.

सरुबाईंच्या घराला अजून कुलूप आहे.