हिरवा झुबका

सासूबाईंनी ट्रंक उघडली, हिरव्या धाग्याचा उरलेला गुंडा माझ्या मांडीवर टाकला आणि कौतुकाने म्हणाल्या, "बघ कसा राहिलाय! डांबरगोळ्या टाकल्या होत्या आत. नाहीतर कसरीने चाळण केली असती."

मी गुंडा नाकाला लावला. काहीच नाही. त्यांची बामाची बाटली उघडून हुंगली. तिलाही वास नाही. 

मी मत्स्यालयाच्या मागच्या खोलीतले मासे सांभाळते. तिथल्या एका टाकीत वाळवंटातल्या एका झऱ्याचे मासे आहेत, बोटाच्या पेराएवढे. झरा कधीच आटला. आता हे मासे जगाच्या पाठीवर फक्त आमच्या टाकीत. लोक पुढच्या दालनात शार्क बघायला गर्दी करतात, यांना कुत्रं विचारत नाही. उरलेला एकुलता एक नर मात्र असा निळाशार आणि मिजासखोर, की मी त्याला नवरदेव म्हणते.

हे मासे शेवाळात अंडी घालतात. शेवाळाऐवजी आम्ही धाग्यांचा झुबका सोडतो, आणि झुबके पहिल्यापासून सासूबाईच बांधून देतात. नवा झुबका गरम पाण्यातून काढायचा, हुंगायचा, कसलाही वास नसेल तरच टाकीत टाकायचा. काल मी हुंगला होता. माझी सर्दी गेली होती, पण जाताना नाकाला येणारा वासही घेऊन गेली होती, हे मला आत्ता कळत होतं.

"आई, कालचा झुबका याच गुंड्याचा?"

"मग दुसरा कुठला? का गं, काय झालं?"

"डांबरगोळी म्हणजे माशांना विष!"

मत्स्यालयाला सुट्टी होती. सुट्टीतही पाळीवर असणाऱ्या पंपवाल्यांना फोन लावला, तो वाजून वाजून बंद पडला. मी चपला घालते तोवर सासूबाई काठी घेऊन दारात उभ्या.

"तुम्ही कुठे निघालात? गुडघे बघा तुमचे."

"गुडघ्यांनी हुंगायचंय का? नाक माझं शाबूत आहे. चल."

टॅक्सीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. बोलले असते तर नको ते तोंडून गेलं असतं. मेला तो धागा लोकरीचा नव्हताच, नकली होता. कसरीने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं! रागाने मी फणफणत होते, पण रागाच्या खाली नुसती भीती होती. 

खोलीत नेहमीसारखी ऊब होती, पंप घुमत होता. टाकीत एकही मासा पोहताना दिसेना. मधोमध तो झुबका छान फुलून तरंगत होता. मी तो उपसून बादलीत टाकला. सासूबाई वाकल्या.

"येतोय," त्या म्हणाल्या. मग टाकीवर नाक नेऊन हळूच, "अगं, इथेही येतोय."

माद्या हीटरच्या मागे सापडल्या, पाण्याच्या वर तोंडं काढून आचके देत होत्या. झऱ्यासारखं कोमट, खारट पाणी आम्ही एका टबात कायम तयार ठेवतो. मगाने एकेक मादी त्यात सोडली.  नवरदेव तळाशी आडवा पडला होता, निळ्याचा राखाडी झालेला. टबात सोडल्यावर त्याचे कल्ले एकदा हलले. मग हललेच नाहीत.

 आता माद्या एकेक करून म्हाताऱ्या होणार, मरणार, आणि ही जात संपणार. माझ्या हातून.

"हे काय लागतंय?" सासूबाईंचा हात बादलीत होता. "खाली मी गाठी मारत नाही. वरच मारते."

मी झुबका उजेडात धरला. धाग्यांना रव्याएवढे पारदर्शक मणी चिकटले होते.

"अंडी आहेत, आई."

"जिवंत आहेत?"

"माहीत नाही."

त्यांनी बोटांनी चाचपून दाखवायची, मी अलगद सोडवून स्वच्छ पाण्याच्या बशीत ठेवायची, असं आम्ही शेवटच्या धाग्यापर्यंत केलं.

पुढे रोज सकाळी बशीवरचं झाकण काढताना मी आधी डोळे मिटून घ्यायची. अंडी पांढरी पडत होती, म्हणजे मेली होती, ती काढून टाकायची. बशी रिकामी होत चालली. आणि एका सकाळी एका अंड्यातून दोन काळे ठिपके माझ्याकडे बघत होते. डोळे! मी तिथेच रडले.

मोजकीच पिल्लं निघाली. आता ती जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी आहेत. त्यांना लपायला झुबका टाकायचा झाला, की हुंगायला सासूबाई टॅक्सीने येतात. घरातल्या सगळ्या डांबरगोळ्या त्यांनी नवरदेव गेला त्याच दिवशी फेकल्या. परवा ट्रंक उघडली, तर सासऱ्यांची शाल, खऱ्या लोकरीची, त्यांची शेवटची आठवण, तिला भोकंच भोकं.

"आई, शाल गेली हो!"

त्यांनी भोकांवरून बोट फिरवलं, घडी घालून ती परत ठेवली.

"खाऊ दे. शाली काय, जगात पुष्कळ आहेत," त्या म्हणाल्या. मग, रोज विचारतात तसंच, "पिल्लांत नर आहे का गं एखादा?"

"अजून कळत नाही, आई."