दुपारचं पाणी

पाणी सुटलं तेव्हा पुतळाबाय जेवायला बसली होती. आधी फुस्स असा आवाज आला, मग गवतातून फवाऱ्यांच्या माना एकामागून एक वर आल्या आणि गोल फिरायला लागल्या. गवतावर जुनं लुगडं अंथरून तिनं जवळा वाळत घातला होता, चांगला कडक होत आलेला. ती उष्ट्या हातानं तशीच धावली. लुगड्याची टोकं धरून ओढेपर्यंत जवळ्याचा लगदा झाला होता. आणि ती लुगडं घेऊन ओट्यावर येते न येते तोच पाणी बंद झालं.

"मुडदा बशिवला मेल्याचा!"

भिंतीपलीकडून वैजयंतीनं डोकं वर काढलं. ती मूळची साताऱ्याची, नवरा बंदरात नोकरीला. दुपारी कपडे वाळत घालताना पुतळाबायची चौकशी करायची तिची रीतच होती.

"पुन्हा का हो, काकू?"

"पुन्हा! टाइम लावलाय सकालचा. मंग ह्यो दुपारचा कोनाचा?"

"बोलवा त्या फवारेवाल्या फिटरला. काही नाही हो, मुद्दाम बिघाड करून ठेवतात ही माणसं. परत परत बोलावलं पाहिजे ना त्यांना!"

पुतळाबायनं ते बोलणं पदरात बांधून घेतलं.

उरणजवळच्या द्रोणागिरीतला हा बंगला सरकारनं घेतलेल्या शेतजमिनीच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर उभा होता. तिचं सगळं आयुष्य भातशेतात आणि मिठागरात गेलेलं. नवरा वामन गेल्यावर मुलगा तेजस कॅनडातल्या व्हँकुवरहून आला, तिथं तो बंदरात कामाला होता. जाण्याआधी त्यानं बंगल्यापुढच्या भाजीच्या वाफ्यांवर लॉन घालायचं ठरवलं.

"आये, आता तू वाकायचं नाय. हिरवलीवर खुर्ची टाकून बसायचं."

"गवताला पानी घालू मी? जल्मभर गवत उपटून बांधावर फेकलं रं!"

"तुना घालायला नको. आपोआप पडंल."

मग उरणहून अब्दुर्रहमान आला. त्यानं गवताच्या चकत्या अलगद काढून बाजूला ठेवल्या, चर खणून पाइप पुरले, फवारे बसवले आणि पंपाच्या खोलीबाहेर एक पांढरी पेटी लावली. पेटीसमोर उभं राहून तो आणि तेजस बराच वेळ मोबाइलमध्ये बोटं घालत होते. काम झाल्यावर त्यानं चकत्या अशा परत बसवल्या की कुठं खणलं होतं ते सांगता येऊ नये. पुतळाबायला तो माणूस आवडला होता. इथलं पाणी क्षाराचं, फवाऱ्यांची तोंडं बुजायची, म्हणून तो मधून मधून येऊन ती साफ करून जायचा. पंपाच्या खोलीची एक किल्ली त्याच्याकडेच असे. "मावशी, चहा नको, पाणी द्या," म्हणायचा.

जवळा भिजला त्या संध्याकाळीही तो आला. पेटी उघडून त्यानं बटणं दाबून पाहिली.

"टाइम सकाळचाच आहे, मावशी. दुपारचा कुठं लावलेलाच नाही."

"मंग काय भुतानं सोडलं पानी?"

"हे वायफायवर आहे. कुणीतरी मोबाइलवरून चालू करत असेल."

"माज्या मोबाइलमदी ते नाय. तुज्याकडं हाय?"

"नाही. माझ्याकडे त्याचा कोड नाही आता."

तो गेला आणि पुतळाबाय त्या एका शब्दाशी अडून बसली. आता नाही. म्हणजे आधी होता. ज्याच्याकडे एकदा होता, त्याच्याकडे परत यायला काय वेळ लागतो?

त्यानंतर ती लक्ष ठेवायला लागली. पाणी रोज सुटत नसे. सुटलं तर दुपारचंच. तिनं एकदा ठरवलं, बाहेर जायचंच नाही. ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभी राहिली. पाणी सुटलं, फिरलं, थांबलं. थोड्या वेळानं पुन्हा सुटलं. थांबलं. पुन्हा सुटलं, आणि या वेळी थांबेचना. शेवटी तिला राहवेना, ती बाहेर आली. तिचं पाऊल ओट्यावर पडलं मात्र, फवाऱ्यांनी माना खाली घातल्या.

कोणीतरी तिला बघत होतं.

समोर एक अर्धवट बांधलेली इमारत होती. तिच्या खिडक्यांच्या भोकांमध्ये काळोख होता. पुतळाबाय बराच वेळ तिकडे पाहत राहिली. मग आत जाऊन तिनं सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. भर उकाड्यात पंख्याखाली बसून ती विचार करत राहिली. एकट्या बाईला बाहेर काढायचं, मग मागच्या दारानं घरात शिरायचं, असला बेत तर नसेल? गळ्यातली सोन्याची माळ तिनं काढून तांदळाच्या डब्यात खोचली.

"ओट्यावर कॅमेरा आहे की तुमच्या," वैजयंती म्हणाली. "बघा ना त्याच्यात."

"त्यो ह्यांनी लावलेला. हे गेले तवापासून बंदच पडलाय."

तेजसला तिनं यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं की तो म्हणणार, बंगला भाड्यानं दे आणि ऐरोलीला मावशीकडे फ्लॅटमध्ये राहा.

आणि मग ती पडली. पाणी सुटलं म्हणून तरातरा बाहेर आली, ओट्याच्या ओल्या फरशीवरून पाय सटकला, घोटा मुरगळला आणि ती कुशीवर आदळली. बराच वेळ तिला उठताच येईना. पाणी मात्र लगेच थांबलं. खांबाला धरून ती कशीबशी आत आली तेव्हा फोन वाजत होता. तेजस होता.

"आये, काय करतंस?"

"काय नाय. बसलीय," ती घोटा दाबत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी घोटा टम्म सुजला आणि तिचा संताप डोक्यात गेला. वैजयंतीनं फोन तिच्या तोंडाशी धरला आणि पुतळाबायनं गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाज टाकला. त्या अब्दुर्रहमानला कोनी घरात घेऊ नका. त्याच्याकडं आपल्या पेट्यांचे कोड हायत. बायामानसांवर नजर ठेवतो. म्हातारीला पाडलं त्यानं. गल्लीतल्या जवळजवळ सगळ्या बंगल्यांचं काम त्याच्याकडे होतं. संध्याकाळपर्यंत बहुतेकांनी त्याला नको म्हणून कळवलं.

तो दुसऱ्या दिवशी आला. फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही. पंपाच्या खोलीची किल्ली त्यानं फाटकाच्या वरून पुढे केली.

"मावशी, माझ्या घरीपण आई आहे," एवढंच म्हणाला.

"आसल. मना काय सांगतंस?"

तो गेला आणि दुपारचं पाणी बंद झालं. एक आठवडा गेला, दुसरा गेला, पाणी सुटलं नाही. "बघा, चोर बरोबर धरला तुम्ही," वैजयंती म्हणाली. पुतळाबायलाही शंका उरली नाही. गल्लीतल्या बायका तिला थांबवून विचारायच्या आणि ती पुन्हा पुन्हा सांगायची. सांगताना दर वेळी अब्दुर्रहमान थोडा आणखी वाईट व्हायचा.

घोट्याची सूज मात्र उतरेना. वामनची काठी कोनाड्यात होती, ती काढून ती घरात आणि ओट्यावर फिरायची. फोन आला की काठी खाटेखाली सारायची.

रविवारी तेजसचा व्हिडिओ कॉल आला. ती खाटेवर पाय पसरून, केस विंचरून बसली होती.

"पाय कसा हाय, आये?"

"पायाला काय झालं? बरा हाय."

"मंग काठी कशाला घेतंस?"

खाटेखाली सारलेली काठी पडद्यावर कुठून दिसणार?

"काठी कुटं बगितलीस तू?"

"आये..."

"कुटं बगितलीस, तेजस?"

"ओट्यावरचा कॅमेरा चालू हाय. मी आयलतो तवाच सुरू करून गेलो."

तिला आधी नीट समजलंच नाही. मग सगळं एकदम समजलं. दुपार. इकडे दुपार झाली की तिकडे रात्र होते. तो झोपण्याआधी.

"पानी तू सोडत व्हतास?"

"तू दिवसदिवस बाहेर येत नव्हतीस. कॅमेऱ्यात नुसता ओटा आन् हिरवल दिसायची. पानी सोडलं का तू येतंस."

"मना ढोरासारखी हाकलून बाहेर काढलीस? पानी सोडून?"

"फोन केला का तू बरी हाय बोलतंस!" त्याचा आवाज चढला आणि मध्येच फुटला. "बाबा पन बराच व्हता फोनवर. येतो बोललो तर बोलला, कशाला खर्च करतंस, मी ठनठनीत हाय. मी आयलो तवा... तू पडलीस, ते मी इथून बगितलं, आये. लगेच फोन केला. काय बोललीस तू? बसलीय, बोललीस. त्या दिवसापासून मी त्या बटनाला हात नाय लावला."

पुतळाबाय पडद्यावरच्या त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. त्याच्यावर ओरडावं की त्याला जवळ घ्यावं, यातलं काहीच करता येण्यासारखं नव्हतं.

"मी एका मानसाची अब्रू घेतली रं," ती हळूच म्हणाली.

सकाळी काठी घेऊन ती गल्लीत निघाली. ग्रुपवर आवाज टाकता आला असता, पण तिनं एकेक फाटक वाजवलं. पाणी माझ्या पोरानं सोडलं होतं, त्या माणसाचा काही दोष नव्हता, मी खोटं बोलले. कोणी हसलं, कोणी कॅमेऱ्याच्या कौतुकाला लागलं. वैजयंती म्हणाली, "मी काही कुणाचं नाव घेतलं नव्हतं हं, काकू." पुतळाबायनं मान डोलावली आणि रिक्षा केली.

उरणला अब्दुर्रहमानचं घर विचारत विचारत सापडलं. दार त्याच्या बायकोनं, इशरतनं उघडलं. पुतळाबायनं नाव सांगितल्यावर तिचा चेहरा मिटला, तरी तिनं खुर्ची पुसून दिली. अब्दुर्रहमान आतून आला. अंगात गोदामाचा निळा गणवेश होता.

सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "बरं झालं मावशी, कळलं तुम्हाला."

"मी समद्यांना सांगून आयले. तू ये परत कामाला."

"नाही. आता मी तुमच्या गल्लीत खाली वाकलो की लोक आधी माझ्या हातांकडे बघतील. तुम्ही सांगितलंत, ते चांगलं केलंत. पण ते आधीचं ऐकलेलं त्यांच्या कानातून निघायचं नाही." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला जड गेलं. "कंटेनरच्या गोदामात लागलोय. तुमच्याकडे दुसरा माणूस पाठवतो. चांगला आहे."

"तुजी आई कुटं हाय?" तिनं उठताना विचारलं.

"आत झोपलीय. तिला यातलं काही सांगितलं नाही."

पुतळाबाय थोडा वेळ आतल्या खोलीच्या पडद्याकडे तोंड करून उभी राहिली. मग निघाली.

घरी येईपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. ती जेवली, तोंड धुतलं. तेजसला तिनं सांगून ठेवलं होतं, कॅमेऱ्यात बघायचं तर बघ, पण पाणी सोडायचं नाही, माझी मी येईन. तिनं लुगडं बदललं आणि दारापाशी आली. काठी आतच ठेवावी, ताठ चालत जावं, असं तिच्या मनात आलं. तिनं ती भिंतीला टेकवलीही.

मग तिनं ती परत उचलली. ओट्याची पायरी एकेक पाय टेकत उतरली, आणि जशी लंगडत होती तशीच लंगडत त्या हिरवळीच्या मध्यापर्यंत चालत गेली.