अंगठ्याची जागा

संगिताने गिटार मांडीवर आडवी घेतली आणि तारांच्या वरच्या अंगाला उजव्या हाताचा अंगठा टेकवला. काळ्या प्लास्टिकच्या पट्टीवरून तो घसरला. तिने पुन्हा टेकवला, थोडा पुढे सरकवला, थोडा मागे आणला, आणि मग हात काढून पदराखाली घेतला.

"हीच ना आमची?" तिने विचारले.

श्यामकांतांना हसू आले. त्यांच्या डहाणूच्या घराच्या मागच्या पडवीत गिटार न्यायला आलेला जवळजवळ प्रत्येक माणूस हाच प्रश्न विचारी, आणि त्यांना ती शाबासकी वाटे.

"तुमचीच. कारखान्यातून निघाली तेव्हा अशी दिसत होती," ते म्हणाले. "जपानी आहे. पन्नास वर्षांची तरी असेल."

पावसाळ्याआधी ती आली तेव्हा तिच्यावर निळ्या ऑइलपेंटचा जाड थर होता. झरीच्या मिथुनचा लग्नात वाजवत फिरणारा टेम्पो ज्या निळ्या रंगाचा, त्याच डब्यातला रंग. आतल्या वायरी उंदरांनी कुरतडलेल्या, एक खुंटी वाकलेली, बटणांच्या जागी बाटलीची झाकणं. मिथुनचा थोरला भाऊ मनिष टेम्पोवर उभा राहून ही बास गिटार वाजवायचा. दोन वर्षांपूर्वी तो कावीळ होऊन गेला, आणि गिटार घरात भाताच्या कणगीमागे पडून राहिली. आता मिथुनला ती पुन्हा टेम्पोवर चढवायची होती. मनिषची बायको म्हणून संगिताही सोबत आली होती.

श्यामकांतांनी जीव ओतून काम केले होते. निळा रंग उतरवून खालचा मधासारखा तपकिरी रंग वर आणला. बटणं वसईहून मिळवली, अंगठा टेकवायची पट्टी तलासरीच्या विपुलकडून. 'चार तारा' नावाच्या त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जुन्या बासचे सुटे भाग मागणारे आणि देणारे पन्नाससाठ जण होते. कुणाला तारा टेकवायचा ब्रिज हवा असे, कुणाला नुसता एक स्क्रू, पण त्याच काळातला. पैशांपेक्षा अदलाबदल चाले. त्या पट्टीसाठी त्यांनी विपुलला चार खुंट्यांचा अख्खा संच दिला होता.

मिथुनने वायर जोडली आणि जाड तार छेडली. खिडकीची काच थरथरली, फळीवरचे स्क्रूचे डबे किणकिणले.

"काका, शोरूमच की एकदम!" मिथुन ओरडला.

श्यामकांतांचे डोळे आपसूक मिटले. हा आवाज कानाने कमी आणि छातीने जास्त ऐकू येतो. क्षणभर ते पुन्हा रेल्वेच्या कॉलनीतल्या गणपतीपुढच्या स्टेजवर होते, मागे कापडी पडदा, पुढे सतरंजीवर बसलेले गाव. गायकाला टाळ्या, ढोलकीला शिट्ट्या, आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या बासवाल्याकडे कुणाचेच लक्ष नाही. पण तो थांबला की सगळ्यांना काहीतरी निखळल्यासारखे वाटायचे. ते सुख त्यांना आयुष्यात दुसऱ्या कशाने दिले नव्हते, सिग्नल खात्यातल्या बढत्यांनीही नाही.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा संगिता अजून त्या पट्टीकडेच बघत होती.

"इथं लाकूड होतं," ती म्हणाली.

"हो, होतं. पण ते मूळचं नव्हतं ना. कुणीतरी घरी बनवून ठोकलेलं. मूळची पट्टी शोधायला मला चार महिने लागले."

"हां," ती म्हणाली.

मिथुनने गिटार चादरीत गुंडाळली, वाकून नमस्कार केला. दोघे फाटकापर्यंत गेले. तिथून संगिता एकटीच परत आली. पायरीवर न चढता तिने विचारले, "ते लाकूड टाकलं का, काका?"

"नाही, नाही. असेल इथेच. शोधून ठेवतो."

तिने मान हलवली आणि ती गेली.

लाकूड तिथे नव्हते, हे त्यांना तेव्हाच ठाऊक होते. विपुलला खुंट्या पाठवताना त्या खोक्यात एकमेकींवर आपटू नयेत म्हणून मध्ये काहीतरी घालायला हवे होते, आणि हाताशी तोच तुकडा होता. बोटभर लांब, गडद, मधोमध खोलगट झालेला.

रात्रीच्या जेवणात त्यांनी भात चिवडला. वसुमतीबाईंनी शाळेत तीस वर्षे मुलांचे चेहरे वाचले होते, त्यांना नवऱ्याचा वाचायला वेळ लागला नाही. सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "अहो, काम घेताना तिला विचारलं होतंत का, काय काय राहू द्यायचं ते?"

"मिथुनला विचारलं होतं. तो म्हणाला, नव्यासारखी करा."

"मी तिचं विचारतेय."

ते ताट घेऊन उठले.

सकाळी त्यांनी विपुलला फोन लावला.

"लाकडाचा तुकडा?" विपुल हसला. "शामभाई, मला वाटलं तू मुद्दाम भेट पाठवली. ते तर मी माझ्या बासला लावलं ने."

"लावलंस?"

"अरे, काय बसतो अंगठा! माझ्या बोटांना गाठी आल्यात, माहीत आहे तुला. प्लास्टिकवर घसरतो. यात ठेवला की हलत नाय. देणार नाय मी."

"बदल्यात काय घेशील?"

"तुला माहीत आहे मला काय पाहिजे."

श्यामकांतांना माहीत होते. त्यांच्या स्वतःच्या बासच्या ब्रिजवर स्टीलचे मूळ झाकण होते. त्या काळातल्या बहुतेकांनी ती झाकणे काढून त्यांचे ॲशट्रे केले, म्हणून आता ती कुणाकडे उरली नव्हती. ग्रुपवर त्या झाकणाचा फोटो टाकला की दिवसभर हात जोडलेली चित्रे येत. ती बास कपाटात होती. तारा कधीच उतरवून ठेवल्या होत्या, पण झाकण ते दर दिवाळीला पुसत.

त्यांनी कपाट उघडले, दोन स्क्रू काढले, झाकण रुमालात बांधले आणि एसटी पकडली. चारोटीला गाडी बदलून, विवळवेढ्याच्या देवीला बसमधूनच हात जोडून ते तलासरीला उतरले तेव्हा ऊन डोक्यावर आले होते.

नाक्याजवळ विपुलचा फोटो स्टुडिओ होता. बाहेर पासपोर्ट फोटोंची पाटी, आत पडद्यामागे पाच बास भिंतीला टेकून उभ्या. चाळीस वर्षांपूर्वी याच विपुलने त्या दोघांच्या ऑर्केस्ट्रात पहिला कीबोर्ड आणला होता. उजव्या हाताने सूर, डाव्या हाताने बास. दोन सीझन श्यामकांत नुसते उभे राहिले, मग मालकाने त्यांना बोलावणे बंद केले. त्यावरून दोघांत कधी भांडण झाले नाही. त्याबद्दल बोलणेच झाले नाही.

"तेव्हा मी तुला घरी बसवलं," विपुल चहा ओतत म्हणाला, "आणि आता या वयात मीच बास शिकतोय. वरचा हसत असेल ने."

"बसायला जागा तरी दिलीस," श्यामकांत म्हणाले, आणि दोघेही हसले.

विपुलने बास मांडीवर घेतली आणि एक जुनी चाल वाजवली. चुकत वाजवली, पण अंगठा त्या खळगीत असा टेकला होता, जणू झाडाच्या बेचक्यात पाखरू. श्यामकांत त्या अंगठ्याकडे बघत राहिले. मागावे की नाही, असे त्यांना वाटून गेले. मग त्यांनी संगिताबद्दल सांगितले, रुमाल सोडला आणि झाकण काउंटरवर ठेवले.

विपुलने ते उचलून उजेडात धरले. बराच वेळ त्यात त्याचा स्वतःचा चेहरा वाकडातिकडा दिसत होता.

"पक्कं?"

"पक्कं."

"अदलाबदल म्हणजे अदलाबदल. उद्या परत मागू नको." त्याने स्क्रूड्रायव्हर घेतला, आणि स्क्रू फिरवता फिरवता मान वर न करता म्हणाला, "त्या बाईला सांग, चांगलं बनवलं होतं तिच्या माणसाने."

झरीला जाणाऱ्या जीपमध्ये श्यामकांत दोन पोत्यांच्या मध्ये बसले. खिशातला तुकडा ते चाचपत होते. गेल्या गेल्या प्लास्टिकची पट्टी काढायची, हे लाकूड जुन्याच भोकांत बसवायचे, अर्ध्या तासाचे काम. स्क्रूड्रायव्हर त्यांनी सोबत घेतला होता. संगिता काय म्हणेल याचा विचार करताना त्यांना लहान मुलासारखे वाटत होते.

घर पाड्याच्या टोकाला होते. ओट्यावर मिथुन गिटार वाजवत बसला होता. वायर नव्हती, तारांचा नुसता कोरडा ठणठण आवाज येत होता. श्यामकांतांना बघून तो उठला आणि आत ओरडला, "वहिनी, डहाणूचे काका आले!"

संगिता चुलीपुढे होती. परातीत तांदळाच्या पिठाची उकड, बाजूला पाण्याचे भांडे. तिने हात पुसायच्या आतच श्यामकांतांनी तुकडा पुढे केला.

"सापडलं," ते म्हणाले. "लगेच बसवून देतो."

तिने तो पिठाच्याच हाताने घेतला. खळगीत बोट फिरवले, आत साचलेला बारीक काळा मळ नखाने काढला. मग तुकडा कमरेच्या पिशवीत ठेवून दिला.

"बसवायचं नाही?" श्यामकांतांनी विचारले.

"नको. त्याचा अंगठा जाडा हाय," तिने मिथुनकडे मान वळवली. "यात मावत नाय. त्याला ती काळी पट्टीच बरी. गिटार आता त्याची हाय." ती पुन्हा पाटावर बसली. "मला हे पाहिजे होतं."

श्यामकांत उंबऱ्याशी उभे राहिले. काढलेला स्क्रूड्रायव्हर हातात तसाच होता.

"मनिषने फार चांगलं बनवलं होतं," काहीतरी बोलायचे म्हणून ते म्हणाले. "तलासरीचा माझा मित्र पण तसंच म्हणाला."

"त्याने नाय बनवलं." संगिताने भाकरी उलटली. "मी बनवलं."

मिथुनचे बोट तारेवर थांबले. त्यालाही हे ठाऊक नसावे.

"आमच्या पाड्यात लग्न होतं. तो टेम्पोवर वाजवत होता. रातभर वाजवलं, सकाळी बघते तर अंगठ्याची साल निघालेली, रगत आलेलं. तिथं नुसतं लोखंड होतं, खिळ्यासारखं. मी बोलले, लाकूड लाव. तो बोलला, लावून दे. असा हसत बोलला." तिच्या चेहऱ्यावर जाळाचा उजेड पडला होता. "मी अशीच भाकरी करत होते पाहुण्यांची. पिठाचा गोळा पुढे केला, बोलले, दाब अंगठा. त्याने दाबला. तो गोळा वाळवला नि बघून बघून शिवणीचं लाकूड कोरलं. पहिलं फुटलं. दुसरं मोठं झालं."

"आणि तिसरं?"

"तिसरं द्यायला गेले, नि मग लगीनच झालं आमचं."

मिथुन खाली बघून हसला. श्यामकांतही उंबऱ्यावर बसले. आयुष्यभर ते झिजलेल्या जागा ओळखत आले होते. कुठे मनगट घासते, कुठे पट्टा, कुठे घाम. या खळगीलाही त्यांनी झीज समजले होते.

"माझ्या मित्राच्या बोटांना गाठी आहेत," ते म्हणाले. "त्याचा अंगठा यात बरोबर बसायचा. द्यायला तयारच नव्हता."

संगिताने चमकून वर पाहिले. "बसला? त्याचा?"

"हलतच नाही म्हणाला."

ती हसली. श्यामकांतांनी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिले. "मग बारीक बोटांचा असेल. त्याला पाठवा इकडं. त्याचा त्याला देईन करून. शिवणीचं झाड हाय मागे, पावसात फांदी पडलेली." ती क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. "तुम्ही पण वाजवता ना, काका?"

"वाजवायचो. आता नाही. आता नुसता दुरुस्त करतो."

"वाजवत नाय, तर दुरुस्त कोणासाठी करता?"

तिने सहजच विचारले होते. उत्तराची वाटही पाहिली नाही. परातीतून उकडीचा लिंबाएवढा गोळा तोडला, तळव्यांत फिरवून गोल केला, वरून जरा चपटा केला आणि हात लांब करून त्यांच्यापुढे धरला.

श्यामकांतांनी स्क्रूड्रायव्हर ओट्यावर ठेवला. उजवा हात पँटला पुसला. अंगठा पिठावर टेकवताना त्यांना कळेना, किती जोर द्यायचा. पीठ अजून गरम होते.

"दाबा," संगिता म्हणाली.